एमपीएससीची तयारी सुरू करताय? आधी प्रश्नपत्रिका उघडा

दर वर्षी पदवीचा निकाल लागला की सोलापूर, धाराशिवकडून येणाऱ्या गाड्यांतून पाठीला सॅक आणि हातात गादीची वळकटी घेतलेली मुलं-मुली स्वारगेटला उतरतात. पत्ता ठरलेला असतो, सदाशिव पेठ नाहीतर नवी पेठ. दोन दिवसांत कॉट बेसिसवर जागा मिळते, अभ्यासिकेत टेबल मिळतं, आठवड्यात दहा-बारा पुस्तकं येतात. परीक्षेची एकही जुनी प्रश्नपत्रिका मात्र पहिले सहा महिने हातात येत नाही. मीही असाच आलो होतो. तिसऱ्या प्रयत्नात पोस्ट निघाली. आता सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या अभ्यासिकेत मुलांसोबत बसतो तेव्हा सगळ्यांत आधी हेच सांगतो, की पुण्याचं तिकीट काढण्याआधी चार आठवडे घरीच बसा आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे एमपीएससीच्या, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा. मार्क किती पडतात हे तेव्हा महत्त्वाचं नसतं. आयोग काय विचारतो, कसं विचारतो, हे डोळ्यांनी बघायचं असतं.

हा लेख राज्यसेवेबद्दल आहे. आज तिचं पूर्ण नाव महाराष्ट्र राजपत्रित नागरी सेवा परीक्षा. उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, गटविकास अधिकारी, नायब तहसीलदार अशी पदं तिच्यातून भरतात. पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक), एसटीआय (राज्य कर निरीक्षक), एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) ही पदं वेगळ्या संयुक्त परीक्षेतून भरली जातात. तिला सगळे ‘कम्बाईन’ म्हणतात.

परीक्षेचा सांगाडा

पदवी कुठल्याही शाखेची चालते. शेवटच्या वर्षाला असाल तरी पूर्व परीक्षेचा फॉर्म भरता येतो. वयाची कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षं आहे. दर जाहिरातीत वय कोणत्या तारखेला मोजणार ते दिलेलं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पूर्व परीक्षेत एकाच दिवशी दोन पेपर असतात. पहिला सामान्य अध्ययनाचा, १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. दुसरा सीसॅटचा, म्हणजे उतारे, तर्क आणि गणिताचा, ८० प्रश्न, २०० गुण, दोन तास. चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा वजा होतो. २०२२ पासून सीसॅटला फक्त ३३ टक्के लागतात, आणि कट ऑफ सामान्य अध्ययनाच्या गुणांवरच लागतो. वनसेवा, कृषी सेवा, स्थापत्य सेवा यांची पूर्वही आता हीच आहे, त्यामुळे एकाच हॉलमध्ये निरनिराळ्या स्वप्नांची मुलं बसलेली असतात. पूर्वचे गुण अंतिम निकालात धरत नाहीत. ते फक्त पुढच्या दारापर्यंत नेतात.

मुख्य परीक्षेचा चेहरा मात्र पूर्ण बदललाय. आधी ती बरीचशी बहुपर्यायी प्रश्नांची होती. वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरलं तेव्हा विद्यार्थ्यांनी मुदत मागितली. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मोठं आंदोलन झालं आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचा निर्णय झाला. आता नऊ पेपर आहेत. मराठी आणि इंग्रजी प्रत्येकी ३०० गुणांचे, पण दोन्ही पात्रतेपुरते आणि किमान २५ टक्के हवेत. मग २५० गुणांचा निबंध, २५० चे चार सामान्य अध्ययनाचे पेपर आणि वैकल्पिक विषयाचे २५० चे दोन. मोजणीत येतात ते १७५० गुण, त्यात मुलाखतीचे २७५, एकूण २०२५. ज्यांनी यूपीएससीचा ढाचा पाहिलाय त्यांना तो लगेच ओळखू येईल. म्हणून आता दोन्ही परीक्षांचा अभ्यास एकत्र करणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

एवढं समजल्यावर आयोगाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या, छापा आणि टेबलासमोर भिंतीवर चिकटवा. मोबाइलमध्ये ठेवलेला अभ्यासक्रम कुणी उघडत नाही.

पहिला महिना: प्रश्नपत्रिकेसोबत

पाच वर्षांच्या पूर्व परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आणि आयोगाच्या अंतिम उत्तरतालिका छापून घ्या. ‘अंतिम’ या शब्दाकडे लक्ष द्या. आधी पहिली उत्तरतालिका येते, तिच्यावर हरकती घेतात, काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. बाजारातल्या संचांत कधी कधी पहिल्या तालिकेचीच उत्तरं छापलेली असतात.

आता एक प्रश्नपत्रिका घ्या, वेळ लावू नका, आणि प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलीने अभ्यासक्रमातला घटक लिहा. हा इतिहास, पण इतिहासातला कुठला? महाराष्ट्रातले समाजसुधारक, १८५७, की राष्ट्रीय सभेची अधिवेशनं? हा भूगोल, पण नद्या, मृदा की लोकसंख्या? दुसरी प्रश्नपत्रिका होईपर्यंत तेच घटक परत परत समोर यायला लागतात. तुमच्या वहीत तयार झालेली ही यादी तुमचा खरा अभ्यासक्रम. कुणाच्या तयार ‘ॲनालिसिस’च्या पीडीएफवर भागवू नका. ती पेन्सिल तुमच्याच हातात फिरली पाहिजे.

एक घटक जवळून दाखवतो. पंचायतराज घ्या. नवा विद्यार्थी समित्यांचा तक्ता पाठ करतो: बलवंतराय मेहता १९५७, वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, पी. बी. पाटील १९८४. तक्ता पाठ होतो, तरी प्रश्न चुकतो. कारण आयोग साल सोडून विधान देतो. समजा असं विधान आलं: ‘नाईक समितीने जिल्हा परिषदेपेक्षा पंचायत समितीला अधिक बळ देण्याची शिफारस केली.’ बरोबर की चूक? फक्त तक्ता पाठ असेल तर इथे तुम्ही अडखळता. मेहता समितीने पंचायत समितीवर भर दिला होता, नाईक समितीने महाराष्ट्रासाठी जिल्हा परिषदेला बळकट केलं, आणि त्यावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम आला, १ मे १९६२ पासून त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली, ही साखळी ज्याच्या डोक्यात आहे त्याला हे विधान चूक असल्याचं चटकन कळतं.

मग तीच साखळी पुढे ओढायची. ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून अंमल, भाग ९, अनुच्छेद २४३ पासूनची कलमं, अकरावी अनुसूची आणि तिच्यातले २९ विषय. महाराष्ट्रात महिलांना ५० टक्के आरक्षण २०११ मध्ये. जिल्हे ३६, पण जिल्हा परिषदा ३४, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांना जिल्हा परिषदच नाही. हे सगळं वहीच्या दोन पानांत मावतं. नंतर एकदा गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामसभेचं इतिवृत्त मागून वाचा. ग्रामसेवक काय करतो, सरपंचाची सही कुठे लागते, गणपूर्ती नसेल तर काय होतं, हे तिथे पाहिलेलं कधी विसरत नाही. शहरातल्या मुलांना जे पाठ करावं लागतं ते गावच्या मुलांच्या दाराशी असतं, आणि बहुतेकांना याची जाणीव नसते.

पुस्तकं किती घ्यायची

पाचवी ते बारावीची बालभारतीची पुस्तकं आधी. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि विज्ञान. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती मोफत मिळतात, घरात लहान भावंडं असतील तर ती हाताशीच असतात. अकरावी-बारावीच्या भूगोलाकडे कॉमर्सची मुलं बघतही नाहीत, आणि नेमकं तिथेच भूगोलाचा पाया आहे.

त्यानंतर प्रत्येक विषयाला एक संदर्भ पुस्तक, बस्स. कोणतं, ते मी मुद्दाम सांगत नाही, कारण दुकानात उभं राहून एकाच घटकाची चार पुस्तकं उघडून बघितली की जे तुम्हाला वाचायला सोपं जातं तेच तुमचं. एकदा निवडलं की बदलू नका. मी पहिल्या वर्षी राज्यव्यवस्थेची तीन पुस्तकं घेतली आणि तिन्हींची पहिली पाच प्रकरणं वाचली. मूलभूत हक्क मला तिन्ही भाषाशैलींत पाठ होते आणि संसदेच्या समित्यांवरचे प्रश्न मी सोडून आलो. एकच पुस्तक चार वेळा वाचलं असतं तर त्या वर्षी मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, बसलो असतो, असं मला आजही वाटतं.

नोट्सबद्दल बरीच चर्चा चालते. माझा अनुभव असा की पहिल्या वाचनात नोट्स काढूच नयेत. तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि आख्खं पुस्तक वहीत उतरतं. दुसऱ्या वाचनात समासात खुणा करा. तिसऱ्या वाचनात जे अजूनही निसटतंय तेवढंच वहीत घ्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ही वहीच कामी येते.

महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी येते. ती पूर्ण वाचायची गरज नाही. कृषी, सिंचन, मानव विकास, लोकसंख्या ही प्रकरणं आणि सुरुवातीचे ठळक मुद्दे पाहिले की पूर्वला पुरतं, मेन्सला मात्र ती परत उघडावी लागते.

चालू घडामोडींसाठी रोज एक मराठी वर्तमानपत्र, पाऊण तास, आणि महिन्याला एक मासिक. परीक्षेआधीचं एक वर्ष धरून चाला. टेलिग्रामवर तासाला येणाऱ्या पीडीएफ उतरवत बसणं म्हणजे अभ्यास नाही. ती चॅनेल्स बंद केली तर काहीही हुकत नाही.

सीसॅट ‘फक्त पात्रतेपुरता’ आहे, म्हणून

‘३३ टक्के तर कुणीही काढेल’ असं म्हणणारी मुलं मी दर वर्षी पाहतो. सामान्य अध्ययनात कट ऑफच्या वर गुण, आणि सीसॅटमध्ये बाहेर. निकाल लागल्यावर ही मुलं कुणाशी बोलत नाहीत.

आकडे मांडून बघू. २०० चे ३३ टक्के म्हणजे ६६ गुण. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा, म्हणजे एकही चूक न करता २७ प्रश्न बरोबर आले की सुटलात. पण घाईत कुणी ६३ प्रश्न सोडवले, ३३ बरोबर आले, ३० चुकले. बरोबरचे ८२.५, वजा १८.७५, उरले ६३.७५. सहा प्रश्न जास्त बरोबर येऊनही नापास. चुकांची किंमत सीसॅटमध्ये अशी वसूल होते.

८० प्रश्न, १२० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. त्यात उताऱ्यांचा वाटा मोठा. उतारे लांबलचक असतात आणि भाषा अनेकदा अनुवादाची वाटते. मराठी उतारा अडला तर शेजारचा इंग्रजी मजकूर बघायची सवय लावून घ्या. गणित कच्चं असेल तर दहावीपर्यंतची शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग आणि सरासरी एवढं पक्कं करा, बाकी सोडा. निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना नकारात्मक गुण नसतात, ते एकही सोडून येऊ नका.

कला शाखेच्या मुलांनी पहिल्या दिवसापासून रोज एक तास सीसॅटला द्यावा. इंजिनिअरिंगची मुलं गणितात सुटतात पण उताऱ्यात अडकतात, त्यांनी आठवड्याला दोन पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवावेत. अभ्यासिकेच्या शांततेत एक पेपर सोडवून समाधान मानू नका. परीक्षेला सीसॅट दुपारी असतो. सकाळचा पेपर देऊन, घाईघाईत डबा खाऊन, डोळ्यांवर झापड असताना तो सोडवायचा असतो. सरावही दुपारीच करा.

किती प्रश्न सोडवायचे

सामान्य अध्ययनात एक प्रश्न दोन गुणांचा, चूक झाली तर अर्धा गुण जातो. म्हणजे एक बरोबर आणि चार चूक आले की हिशेब शून्यावर. पाचांत एकापेक्षा जास्त बरोबर येत असतील तर धोका पत्करणं फायद्याचं. चार पर्यायांतला एक जरी खात्रीने बाद करता आला तरी कागदावरचं गणित तुमच्या बाजूने आहे.

पण कागदावरचं गणित आणि आयोगाचा पर्याय यांत फरक आहे. पर्याय लिहिणाऱ्याला तुमचं अर्धवट ज्ञान कुठे घसरतं हे नेमकं माहीत असतं. दोन मुलांची तुलना करा. एकाने ८० सोडवले, ५० बरोबर, ३० चूक: १०० वजा १५, म्हणजे ८५. दुसऱ्याने ६२ सोडवले, ४८ बरोबर, १४ चूक: ९६ वजा ७, म्हणजे ८९. पहिल्याने अंदाजाचे १८ प्रश्न जास्त मारले आणि त्यातले दोनच लागले.

म्हणून सरावाच्या पेपरात प्रत्येक प्रश्नासमोर खूण करा: ठाम माहीत असलं तर बरोबरची, दोन पर्यायांत अडकलात तर ‘२’, निव्वळ अंदाज असेल तर ‘०’. तपासताना तिन्ही गट वेगळे मोजा. दहा पेपर झाले की तुमच्या ‘०’ गटात पाचांपैकी किती लागतात ते स्वतःला कळतं. कुणाचे दोन लागतात, कुणाचा एकही लागत नाही. तुमचा आकडा हाच तुमचा नियम. ‘अमुक टॉपरने ९५ सोडवले’ हे ऐकून तुम्ही ९५ सोडवू नका.

मुख्य परीक्षा: हात चालला पाहिजे

वर्णनात्मक पेपरची भीती बहुतेकांना अभ्यासाची नसते, लिहिण्याची असते. कॉलेजनंतर तीन तास सलग पेन चालवलेलं नसतं. पूर्व झाल्यावर लिहायला सुरुवात करू म्हणणाऱ्यांना वेळ पुरत नाही. पूर्वचा अभ्यास चालू असतानाच आठवड्याला तीन उत्तरं लिहा. जास्त नको, तीनच.

समजा प्रश्न आहे: ‘मराठवाड्यातील पाणीटंचाई हा केवळ कमी पावसाचा परिणाम नाही. चर्चा करा.’ पहिला मसुदा बहुतेक जण असा करतात: पाणी म्हणजे जीवन, मराठवाडा हा दुष्काळग्रस्त भाग, शेतकऱ्यांची अवस्था, सरकारने लक्ष द्यावं. दोनशे शब्द होतात आणि परीक्षकाला काहीही मिळत नाही.

पेन उचलण्याआधी दोन मिनिटं कच्च्या जागेत मुद्दे मांडा. प्रश्नात ‘केवळ’ हा शब्द आहे, म्हणजे पावसाचा वाटा मान्य करायचा आणि बाकीची कारणं पुढे आणायची. पर्जन्यछायेचा प्रदेश हे एका वाक्यात. मग बेसॉल्टचा खडक, त्यात पाणी मुरण्याची आणि साठण्याची क्षमता कमी, म्हणून विहिरी लवकर आटतात. मग पीकपद्धती, उसाला लागणारं पाणी. मग गोदावरी खोऱ्यात वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून होणारा वाद. उदाहरण म्हणून एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. शेवटी उपाय: जलयुक्त शिवारसारखी कामं, २००५ चं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, २००९ चा भूजल अधिनियम, आणि त्यांच्या अंमलबजावणीतल्या अडचणी. शक्य असेल तर समासात गोदावरी, पैठण आणि लातूर दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा नकाशा. आता दोनशे शब्दांतला प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो.

लिहिलेलं उत्तर सोबत अभ्यास करणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. त्याला फक्त एक विचारा, कुठलं वाक्य काढलं तरी चालेल? तो जी वाक्यं खोडेल ती पुढच्या वेळी लिहू नका. एवढी तपासणी फुकट होते आणि उपयोगी पडते.

वैकल्पिक विषयाला ५०० गुण आहेत, म्हणून निवड घाईत नको. दोन-तीन विषयांचे अभ्यासक्रम समोर ठेवा, प्रत्येकाचं एक-एक प्रकरण वाचा, आणि आठ दिवसांनी कुठलं आपणहून उघडावंसं वाटतं ते बघा. पदवीचा विषय असेल आणि आवडत असेल तर तोच घ्या. ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतलेला विषय तिसऱ्या महिन्यात नकोसा होतो. मराठी माध्यमातून देणाऱ्यांनी त्या विषयाचं मराठीतलं साहित्य खरंच मिळतंय का, हे आधी तपासावं.

मराठी आणि इंग्रजीचे पात्रता पेपर हलक्यात घेऊ नका. ३०० पैकी ७५ ही रेघ छोटी दिसते, पण ती ओलांडली नाही तर बाकीच्या पेपरांचा उपयोग होत नाही. इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी रोज एक परिच्छेद मराठीतून इंग्रजीत करावा. सहा महिन्यांत फरक पडतो.

पुणे की घर

वर्गाची गरज सगळ्यांना नसते. वेळेवर उठवणारी आणि टेस्ट सिरीज तपासून देणारी व्यवस्था मात्र लागते. ती तालुक्याच्या अभ्यासिकेत चार मित्रांनी मिळून उभी करता येते. पुण्याला यायचंच असेल तर कॉट, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स आणि गावी जाण्या-येण्याचा खर्च बारा महिन्यांसाठी मांडा, घरच्यांना दाखवा, आणि मगच निघा. निम्मे पैसे असताना निघालात तर सातव्या महिन्यात पार्ट टाइम काम शोधावं लागतं, तेही नेमकं परीक्षेच्या तोंडावर.

शासनाच्या संस्था आहेत, त्यांचा शोध घ्या. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजनांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळांवर येतात, आणि प्रवेशासाठी चाळणी परीक्षा असते. यूपीएससीसाठी मुंबई, नागपूर, कोल्हापूर अशा ठिकाणी शासनाची प्रशिक्षण केंद्रं आहेत. या मार्गाने शिकलेले कितीतरी अधिकारी आज सेवेत आहेत. ‘फुकट आहे म्हणजे चांगलं नसेल’ हा समज सोडून द्या.

कागदपत्रं, आजच

अभ्यासाइतकंच हे काम महत्त्वाचं, आणि ते परीक्षेच्या महिन्यात करायचं नसतं. अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, खेळाडू किंवा दिव्यांग असाल तर त्याचे दाखले. जात वैधतेला महिने लागतात, म्हणून शिकत असतानाच अर्ज करा. नॉन क्रीमिलेअरवरची वैधतेची तारीख आणि जाहिरातीत मागितलेला कालावधी शेजारी ठेवून जुळवा.

माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव दीर्घ वेलांटीने होतं आणि जातीच्या दाखल्यावर ऱ्हस्व. वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलाखतीच्या वेळच्या कागदपत्र पडताळणीआधी ते समोर आलं आणि प्रतिज्ञापत्र, जुने दाखले, शाळेची नोंद गोळा करण्यात माझे आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत मुलाखतीची एकही तयारी झाली नाही. आज रात्री सगळे दाखले जमिनीवर पसरा आणि तुमचं, वडिलांचं, आईचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. मुलींनी लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ हवं.

तारखा पुढे जातात, वय थांबत नाही

५ एप्रिल २०२० ला ठरलेली पूर्व कोरोनामुळे पुढे जात जात अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. २८ सप्टेंबर २०२५ ची पूर्व अतिवृष्टी आणि पुरामुळे ९ नोव्हेंबरला गेली. परीक्षा, निकाल आणि नियुक्ती मिळून दोन-अडीच वर्षं सहज जातात. म्हणून सुरुवातीलाच घरच्यांसमोर बसून ठरवा, किती प्रयत्न, कोणत्या वयापर्यंत. आकडा कागदावर लिहा. सोबत कम्बाईन, सरळसेवा किंवा बँकेची परीक्षा देत राहा. एखादी छोटी पोस्ट हातात असताना राज्यसेवेचा अभ्यास शांत डोक्याने होतो, माझा तसाच झाला.

निकालानंतर जो मित्र मेसला येईनासा होतो, फोन उचलत नाही, त्याच्या खोलीवर जा. झोप उडाली असेल, काहीच नकोसं वाटत असेल तर शासनाची टेलिमानस मोफत हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर अभ्यासिकेच्या दारावर चिकटवायला हवा.

परीक्षेचा दिवस

केंद्र आदल्या दिवशी पाहून या. ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, प्रवेशपत्राची छापील प्रत, दोन बॉलपेन, साधं घड्याळ चालत असेल तर तेही. प्रवेशपत्रावरच्या सूचना रात्री एकदा मोठ्याने वाचा.

पहिल्या फेरीत फक्त ठाम प्रश्न सोडवा आणि उत्तरपत्रिकेवर गोल काळे करताना दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळवा. एक गोल घसरला की पुढचे सगळे घसरतात, आणि एकदा काळा केलेला गोल बदलता येत नाही. दुसऱ्या फेरीत दोन पर्यायांतले. शेवटची दहा मिनिटं अंदाजासाठी, तीही तुमच्या सरावाच्या आकड्याने परवानगी दिली तरच.

दोन पेपरच्या मधल्या वेळेत सकाळच्या प्रश्नांची उत्तरं तपासू नका. गेटबाहेर घोळके उभे असतात, कुणीतरी मोठमोठ्याने उत्तरं सांगत असतं. तिथून लांब, झाडाखाली बसून डबा खा, पाणी प्या, पंधरा मिनिटं डोळे मिटा. दुपारी ८० प्रश्न वाट बघत असतात.